दहा लाख कोंबड्यांचं दळण

गेल्या दिवाळीत भाचा चार दिवस राहायला आला होता. फराळाच्या डब्याला टेकवून त्याने फोन उभा केला होता. फोनात एक कुंपण, कुंपणात कोंबड्या. तो कोंबडीवर बोट टेकवायचा की त्याचा तलवारवाला गडी तिच्याकडे चालत जायचा. वार बसला की कोंबडीवर लाल ठिपका आणि त्यात आकडा. हुकला की निळा ठिपका आणि त्यात शून्य. कोंबडी पडली की हाडं आणि पिसं उरायची. मग पुढची कोंबडी. चकल्या संपल्या, चिवडा तळाशी गेला, कोंबड्या मात्र तेवढ्याच.

"अरे, हे कुठवर चालणार?"

"अटॅक नव्व्याण्णव होईपर्यंत, मामा."

"म्हणजे कोंबड्या किती?"

"असतील लाखभर."

लाखभर नव्हत्या. खेळ होता 'ओल्ड स्कूल रुनस्केप'. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा मूळ रुनस्केप २००१ साली सुरू झाला. पुढे तो इतका बदलला की जुन्या खेळाडूंनी जुनाच खेळ परत मागितला. मग कंपनीने २००७ सालची जपून ठेवलेली प्रत २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. तिथे कोंबडीचा जीव ३ गुणांचा असतो. तलवारीने एक गुण कमी केला की त्या कौशल्यात ४ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात. एका कोंबडीमागे झाले १२. आणि नव्व्याण्णवाव्या पायरीला लागतात १,३०,३४,४३१ एक्सपी.

भागाकार केला. १०,८६,२०३ कोंबड्या.

एका कोंबडीला फूटभर जागा धरून ओळीने मांडल्या, तर रांग ३३१ किलोमीटर लांब होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे; तो साडेतीन वेळा भरेल. चालत जाणं आणि हुकलेले वार धरून कोंबडीमागे दहा सेकंद लावली, तर ३,०१७ तास होतात. रोज दोन तास खेळलं तर चार वर्षं आणि वर दीड महिना. नववीतला भाचा तोवर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेलेला असेल. आणि हे झालं फक्त अटॅकचं. स्ट्रेंग्थ आणि डिफेन्स ही कौशल्यं वेगळी. त्यांच्यासाठी पुन्हा तितक्याच कोंबड्या, दोनदा.

हे सांगितल्यावर त्याने क्षणभर बोट थांबवलं. मग म्हणाला, "मग गाईंवर जातो." गाईचा जीव ८ गुणांचा, म्हणजे एका गाईमागे ३२ एक्सपी. गाई लागतात ४,०७,३२६.

जातं आणि मजुरी

एकच काम गुणांसाठी पुन्हा पुन्हा करत राहण्याला जगभरचे खेळाडू 'ग्राइंड' म्हणतात. दळणं. आपल्याकडे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तेच ते दळण दळत बसण्याचा वाक्प्रचार मराठीत आधीपासून आहे. कोरियात याच कामाला 'नोगादा' म्हणतात. तो शब्द बांधकामावरच्या अंगमेहनतीच्या मजुरीचा आहे. इंग्रजीला या कामात गिरणी दिसली, कोरियन भाषेला पाटी-फावडं.

ग्राइंडच्या समोर उभी असते क्वेस्ट. कुणीतरी अडचणीत असतं, तुम्हाला काम सांगतं, तुम्ही चार ठिकाणी हिंडता, कोडं सोडवता, गोष्ट पुढे सरकते आणि शेवटी बक्षिसात एकगठ्ठा एक्सपी मिळतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ खेळणाऱ्यांमध्ये यावरून जुना वाद आहे. एक गट म्हणतो, क्वेस्ट करा, खेळ गोष्टींसाठी असतो. दुसरा म्हणतो, गोष्टी वाचत बसाल तर लेव्हल कधी वाढणार? हा वाद आवडीनिवडीचा समजला जातो. मला तो गणिताचा वाटतो, आणि त्याचं उत्तर एका तक्त्यात लपलेलं आहे.

दर पायरीला सव्वादहा टक्क्यांच्या वर व्याज

रुनस्केपमध्ये पहिल्या पायरीवरून दुसरीवर जायला ८३ एक्सपी पुरतात. सात कोंबड्या. पुढच्या प्रत्येक पायरीची किंमत आधीच्या पायरीपेक्षा साधारण १०.४ टक्क्यांनी वाढत जाते. सुरुवातीला हे जाणवतही नाही, पण चक्रवाढ व्याजाचं कर्ज काढलेल्या कुणालाही विचारा. १०.४ टक्क्यांनी रक्कम सात हप्त्यांत दुप्पट होते. म्हणजे दर सात पायऱ्यांनी किंमत दुप्पट, आणि ९८ पायऱ्यांत चौदा वेळा दुप्पट. दोनाचा चौदावा घात १६,३८४.

यातून जे आकडे निघतात ते पहिल्यांदा ऐकताना चुकीचे वाटतात. ९९ च्या वाटेवर अर्धं अंतर कुठे संपतं? पन्नाशीत नाही. ब्याण्णवाव्या पायरीला. तिथे ६५,१७,२५३ एक्सपी लागतात. बरोबर निम्म्यापेक्षा जेमतेम ३८ ने जास्त. खेळाडूंमध्ये '९२ म्हणजे अर्धं ९९' ही जवळजवळ म्हणच झाली आहे. पंच्याऐंशीला पोचलात तर पाव रस्ता झाला. आणि शेवटची एक पायरी, ९८ वरून ९९, एकटीच १२,२८,८२५ एक्सपी खाते. पहिल्या पायरीपासून पंचाहत्तराव्या पायरीपर्यंतची सगळी चढण १२,१०,४२१ ची आहे. शेवटचं एक पाऊल आधीच्या चौऱ्याहत्तर पावलांपेक्षा लांब.

खेळात बरीच वर्षं २३ कौशल्यं होती. सगळी ९९ वर न्यायची, तर एकूण २९,९७,९१,९१३ एक्सपी. हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो ना? प्रकाश निर्वातात सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. फरक फक्त ५४५ चा. हा निव्वळ योगायोग आहे, पण मासे पकडून, लाकडं तोडून आणि कोंबड्या मारून कुणी प्रकाशाच्या वेगाच्या इतक्या जवळ पोचत असेल, तर त्याला नमस्कार करायला हरकत नाही.

शस्त्र न उचलता योद्धा

आता दुसरं पारडं. रुनस्केपमध्ये 'वॉटरफॉल क्वेस्ट' नावाची एक जुनी क्वेस्ट आहे. सभासदत्व घेतलेल्यांसाठी असते. धबधब्याजवळच्या घरातली एक आई मुलाच्या काळजीत असते, तिथून गोष्ट सुरू होते. तराफा, दोर, धबधब्याच्या आत शिरण्याची वाट, आणि ग्लॅरियल नावाच्या राणीची समाधी. या समाधीत शिरताना शस्त्र किंवा चिलखत नेता येत नाही. तलवार बाहेर ठेवूनच आत जायचं. शेवटी हवा, पाणी आणि माती यांचे प्रत्येकी सहा, असे अठरा मंत्रखडे खांबांवर ठेवायचे आणि राणीची रक्षा जागेवर पोचवायची. या क्वेस्टसाठी कुणालाही मारणं सक्तीचं नाही. फक्त वाटेतल्या राक्षसांपासून पळता आलं पाहिजे.

आणि बक्षीस? अटॅकमध्ये १३,७५० आणि स्ट्रेंग्थमध्ये १३,७५० एक्सपी. तिसावी पायरी १३,३६३ ला लागते. म्हणजे नवखा माणूस पहिल्या पायरीवर आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा दोन्ही कौशल्यांत थेट तिसाव्या पायरीवर असतो. हे दोन्ही गठ्ठे कोंबड्यांवर मिळवायचे, तर २,२९२ कोंबड्या लागल्या असत्या. 'फाइट अरीना' आणि 'ट्री नोम व्हिलेज' या आणखी दोन क्वेस्ट जोडल्या की अटॅकची बेरीज ३७,३७५ होते. चाळिसावी पायरी ३७,२२४ ची. तीन गोष्टी ऐकल्या, एकोणचाळीस पायऱ्या चढलात.

इथपर्यंत वाचून वाटेल, मग क्वेस्टच कराव्यात. थांबा. तेच १३,७५० एक्सपी वेगवेगळ्या पायऱ्यांवर किती मोलाचे ठरतात ते पाहू:

पहिल्या पायरीवर: एकोणतीस पायऱ्या.
पन्नासाव्या पायरीवर: एक पायरी आणि थोडं वर.
साठाव्या पायरीवर: अर्ध्या पायरीला जरा कमी.
सत्तराव्या पायरीवर: एका पायरीचा अठरा टक्के भाग.
अठ्ठ्याण्णवाव्या पायरीवर: एका पायरीचा १.१ टक्का.

क्वेस्ट तीच, मेहनत तीच, बक्षीसही तेच. बदलली ती फक्त वेळ. क्वेस्टचं बक्षीस ठरावीक रकमेचं असतं आणि पायऱ्यांची किंमत चक्रवाढीने पळते. म्हणून सुरुवातीला क्वेस्ट दिलदार सावकारासारखी वागते आणि शेवटी तीच क्वेस्ट देवळाबाहेर ठेवलेल्या सुट्ट्या नाण्यांइतकी उरते. ग्राइंडचं उलट आहे. सुरुवातीला वार हुकतात, हातात कांस्याची तलवार असते, कोंबडीही जड जाते. पुढे गेल्यावर हत्यार आणि शिकार दोन्ही सुधारतात. वाळूत दबून बसणारे खेकडे ६० गुणांच्या जिवाचे असतात. एका खेकड्यामागे २४० एक्सपी, एका कोंबडीच्या वीसपट. ९९ साठी खेकडे लागतात ५४,३११. हे खेकडे जवळ गेलात की स्वतःहून अंगावर येतात. पण साधारण दहा मिनिटांनी त्यांना तुमची सवय होते आणि ते ढुंकून बघत नाहीत. मग लांब पळत जायचं आणि परत यायचं. ग्राइंड करणारे खेळाडू या दहा मिनिटांत चहा ठेवतात.

भाच्याच्या बाबतीत नेमकी वेळ चुकली. तो आधी फुकट खेळत होता, त्यामुळे वॉटरफॉल त्याला बंद. कोंबड्या आणि गाई करत तो महिन्या-दोन महिन्यांत अटॅक साठवर पोचला. मग वडिलांच्या मागे लागून सभासदत्व घेतलं आणि मोठ्या उत्साहाने पहिल्या दिवशी वॉटरफॉल केली. दुसऱ्या दिवशी मला फोन आला: "मामा, एवढं सगळं करून अर्धी लेव्हलपण नाही वाढली." एकोणतीस पायऱ्यांची उडी त्याने अर्ध्या पायरीच्या भावात विकली होती.

आठ आणि सहाशे सतरा

हा तराजू कंप्युटरवरच्या अशा खेळांच्याही आधीचा आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ काढला. त्यात योद्ध्याला दुसऱ्या पायरीला २,००० गुण लागायचे, मग ४,०००, मग ८,०००, १६,०००. सुरुवातीच्या दर पायरीला थेट दुप्पट. आणि त्या पहिल्या नियमांत गुणांचा मोठा वाटा राक्षस मारण्यातून येत नसे. सोनं बाहेर काढून आणण्यातून येत असे. एका मोहरेला एक गुण. मारामारीत खर्च जास्त होता, कमाई कमी. शहाणा खेळाडू राक्षसाला झोपू द्यायचा आणि पेटी उचलायचा.

१९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'ने हे पार उलटं केलं. नावात क्वेस्ट, पण पायऱ्या चढायच्या त्या एका जागी तळ ठोकून, राक्षस पुन्हा उगवायची वाट बघत. त्यात तिसाव्या, पस्तिसाव्या, चाळिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या पायरीवर गणिताच्या रचनेमुळे किंमत एकदम फुगायची. खेळाडूंनी त्यांना 'हेल लेव्हल' हे नाव दिलं होतं.

मग २३ नोव्हेंबर २००४ ला ब्लिझार्डचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. त्याच्या सुरुवातीच्या साठ पायऱ्यांचा हिशेब इतका नेटका होता की वहीत मांडता येतो. तुमच्याच पायरीचा राक्षस मारला तर ४५ अधिक पायरीच्या पाचपट एवढे एक्सपी: पहिल्या पायरीवर ५०, एकोणसाठाव्यावर ३४०. आणि पायरीची किंमत अशी बेतलेली, की पहिलीवरून दुसरीवर जायला बरोबर आठ राक्षस, दुसरीवरून तिसरीवर सुमारे सोळा, दहाव्या पायरीवर ऐंशी. तिशीच्या आसपास त्यात आणखी भर पडू लागते. शेवटच्या पायरीला लागतात २,०९,८०० एक्सपी, म्हणजे ६१७ राक्षस. सगळ्या पायऱ्यांची बेरीज केली तर एकही क्वेस्ट न करता साठावर पोचायला सुमारे १६,३४० राक्षस मारावे लागतात. एकामागे अर्धा मिनिट धरा: १३६ तास, नुसती मारामारी.

ब्लिझार्डचं खरं कसब या १६,३४० ला गोष्टीत गुंडाळण्यात होतं. जिथे जाल तिथे कुणाच्या तरी डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह. लांडगे गावात शिरतात, दहा मारून ये. रानडुकरांची कातडी हवी, आठ आण. तुम्ही दहा लांडगे मारता. दहाचा एक्सपी वेगळा आणि परत गेल्यावर क्वेस्टचा वेगळा. राक्षस तितकेच मेले, पण तुम्ही दळण दळत नव्हता, गावाच्या उपयोगी पडत होता.

पंधरा पानांचं पुस्तक

असं गुंडाळणं कधी फसतंही. वॉरक्राफ्टचे एक रचनाकार जेफ कॅप्लन यांनी २००९ मध्ये खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत स्वतःच लिहिलेल्या एका क्वेस्टची जाहीर खरडपट्टी काढली होती. 'ग्रीन हिल्स ऑफ स्ट्रँगलथॉर्न'. जंगलात एका पुस्तकाची पंधरा पानं विखुरली आहेत. तिथले प्राणी मारा, पानं गोळा करा, पुस्तक पुरं करा. ऐकायला गोड.

गणित कडू आहे. पान कोणतं निघेल ते नशिबावर. पहिलं पान कोणतंही चालतं. चौदा गोळा झाल्यावर मात्र उरलेलं एकच पान हवं असतं, आणि सगळ्या पानांची शक्यता सारखी धरली, तर त्या एका पानासाठी सरासरी पंधरा पानं काढावी लागतात. सगळा संच पुरा व्हायला सरासरी पन्नास पानं. लहानपणी च्युइंगगममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेल्यांना हे पाठ आहे: शेवटचा खेळाडू कधीच निघत नाही आणि नको असलेल्याच्या पाच प्रती होतात. त्यात ही पानं झोळीत एकेक खण अडवून बसायची. गोष्टीचं आवरण होतं, पण आतून दळणच टोचत होतं.

नशीब मधे आलं की आकडे कसे वागतात याचा आणखी एक नमुना रुनस्केपमधला. 'अबिसल डीमन' नावाच्या राक्षसाकडून एक चाबूक मिळतो. शक्यता ५१२ त एक. लोकांना वाटतं, ५१२ मारले की मिळणार. दहा हजार खेळाडूंनी प्रत्येकी ५१२ मारले, तर सुमारे ३,६७५ जण रिकाम्या हाताने उभे असतील. प्रत्येकी १,५३६ मारले तरी पाचशेच्या आसपास. पाचपट, म्हणजे २,५६० मारूनही सदुसष्ट जणांकडे चाबूक नसेल, आणि आपण त्या सदुसष्टांत आहोत असं उरलेल्यांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला वाटत असेल.

मधली वाट आणि बंद दारं

रुनस्केपने २००५ च्या जानेवारीत या दोन पारड्यांच्या मधे एक कौशल्य आणलं: स्लेयर. एक गुरू तुम्हाला काम देतो, अमुक राक्षस, इतके मार. काम संपलं की नवं काम. यात गोष्ट नाही, पण हेतू आहे; शेवट नाही, पण टप्पे आहेत. आज कुत्रे, उद्या वटवाघळं, परवा डीमन. एकाच जातीच्या लाखभर कोंबड्या मारण्यापेक्षा शंभर-शंभराच्या तुकड्यांत लाखभर निरनिराळे राक्षस मारणं माणसाला सोपं वाटतं, हे गणिताने सिद्ध होत नाही. पण शाळेत शंभर गणितांऐवजी दहा-दहांचे दहा गट देणाऱ्या बाईंना ते ठाऊक असतं. चाबूकवाले अबिसल डीमन मारायचे तर स्लेयरची पंच्याऐंशीवी पायरी लागते. पाव रस्ता, ३२,५८,५९४ एक्सपी.

आणि क्वेस्टचा खरा मोबदला इथे दिसतो. पुढे गेल्यावर क्वेस्ट गुण देण्यापेक्षा दारं उघडते. 'मंकी मॅडनेस' केल्याशिवाय ड्रॅगन जातीची वाकडी तलवार हातात धरता येत नाही. परीकथांची क्वेस्ट सुरू केल्याशिवाय परीवर्तुळांतून थेट लांब पोचता येत नाही, आणि बरीच अंतरं पायी कापावी लागतात. तासाला जितके एक्सपी पडतात त्याला पुढचे शेकडो तास गुणायचे असतात. त्यामुळे दोन तासांच्या क्वेस्टने हत्यार थोडं बरं झालं, तरी ती वाढ सगळ्या ग्राइंडला लागू होते. सुरुवातीची क्वेस्ट गुण मिळवून देते. नंतरची क्वेस्ट गुण मिळवण्याचा वेग वाढवते.

म्हणजे तक्त्यात दडलेलं उत्तर असं: सुरुवातीला क्वेस्ट आधी, कारण तेव्हा ठरावीक बक्षिसाला सर्वात जास्त भाव असतो. मधल्या टप्प्यात जी क्वेस्ट दार उघडते ती करा, बाकीच्या आवडीच्या वेळी. शेवटच्या चढणीवर ग्राइंडला पर्याय नाही. तिथे कुठलीही गोष्ट १२ लाखांची पायरी भरून काढत नाही.

शंभर टक्क्यांचे दोनशे

आकड्यांइतकंच नावालाही वजन असतं. वॉरक्राफ्ट तयार होत असताना ब्लिझार्डने ठरवलं होतं की लोकांनी सतत खेळू नये. काही वेळाने एक्सपी निम्मा व्हायचा. चाचणी घेणारे चिडले. मग कंपनीने आकडे तेच ठेवून नावं बदलली. आधीचे शंभर टक्के आता दोनशे टक्के, 'विश्रांतीचा बोनस'. आधीचे पन्नास टक्के आता शंभर टक्के, 'नेहमीचा दर'. तेच लोक खूश झाले. सरायीत जाऊन खेळ बंद केला की दर आठ तासांना त्या पायरीच्या पाच टक्के विश्रांती साठते. न खेळणंही कमाईत मोजलं जाऊ लागलं.

२००६ मध्ये 'साउथ पार्क' या व्यंगमालिकेने वॉरक्राफ्टवर एक भाग केला. चार मुलांना एका बेफाम खेळाडूला हरवायचं असतं, म्हणून ती जंगलात रानडुकरं मारत बसतात. एका डुकरामागे दोन एक्सपी. मालिकेतला आकडा: ६,५३,४०,२८५ रानडुकरं, रात्री तीन तास झोप, पावणेआठ आठवडे. हिशेब केला तर चौघांनी मिळून सेकंदाला जवळपास सोळा डुकरं मारायला हवीत. एकेकाला चार. खऱ्या वॉरक्राफ्टमध्ये तर पायरी खूप वर गेली की खालच्या प्राण्यांचे गुण शून्य होतात. साडेसहा कोटींना शून्याने गुणा की उत्तर येतं शून्य. रुनस्केपची कोंबडी मात्र पहिल्या दिवशी १२ देते आणि शेवटच्या दिवशीही १२ देते. एक खेळ सांगतो, पुढे व्हा. दुसरा म्हणतो, बसायचं तर बसा.

किती लोक बसले? वॉरक्राफ्टचे ग्राहक २०१० मध्ये १.२ कोटींवर पोचले होते. त्याच वर्षी खेळांच्या रचनाकार जेन मॅकगोनिगल यांनी एका भाषणात सांगितलं की वॉरक्राफ्टच्या खेळाडूंनी मिळून तोवर ५९.३ लाख वर्षं त्या जगात घालवली आहेत. माणसाचे पूर्वज दोन पायांवर उभे राहू लागले, त्याला साधारण तितकीच वर्षं झाली असं त्या म्हणाल्या.

पीठ

इतकी वर्षं माणूस एकच काम कसं करतो, हे मराठी माणसाने विचारू नये. आपल्याकडे शतकानुशतकं पहाटे उठून बायका जातं ओढत होत्या. खुंटा धरायचा, घास टाकायचा, फिरवायचं. रोज तेच, आयुष्यभर. आणि त्या जात्यावर ओव्या होत्या. माहेर, भाऊ, सीता, पंढरी, नवऱ्याचा राग, सासूचा जाच. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी या ओव्या गावोगाव फिरून जमवल्या, आणि आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या एक लाखाहून जास्त आहेत. एका जात्याच्या फेऱ्यांची मोजणी कुणी ठेवली नाही. गोष्टींची ठेवली.

ओवीने पीठ पडत नाही. पीठ जात्यानेच पडतं. पण ओवी नसती तर अंधारात उठून इतकं कुणी दळलं असतं, असं मला वाटत नाही. आणि जातं नसतं, तर त्या ओव्यांना गळा कुठून मिळाला असता?

भाचा पुन्हा आला तेव्हा त्याला म्हटलं, नवीन खातं काढ, मला सुरुवात दाखव. रुनस्केपमध्ये नवख्याच्या पहिल्या क्वेस्टांपैकी एक म्हणजे 'कुक्स असिस्टंट'. राजवाड्यातल्या आचाऱ्याला ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचा आहे. त्याला एक अंडं, एक बादली दूध आणि एक भांडं पीठ हवं. अंडं कोंबड्यांच्या त्याच कुंपणात मिळतं. तिथे कोंबडीला हात न लावता आत जाऊन बाहेर येता येतं. पीठ स्वतः दळायचं. शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर नेऊन ओतायचा, खटका ओढायचा, खाली येऊन भांडं भरायचं. एकदाच. बक्षीस ३०० एक्सपी, स्वयंपाकात. चौथी पायरी.

हाच आचारी पुढे २००६ सालच्या 'रेसिपी फॉर डिझास्टर'मध्ये परत भेटतो. ती रुनस्केपची शंभरावी क्वेस्ट. ती पुरी करायची तर आधी डझनावारी क्वेस्ट आणि पुष्कळ कौशल्यांत दळलेले तासन्‌तास लागतात. मिळतात हातमोजे, ज्यांच्या जोरावर पुढे हजारो राक्षस मारायचे असतात.

चक्कीचा खटका ओढताना भाचा म्हणाला, "मामा, हे म्हणजे खरंखुरं ग्राइंडिंग झालं की."

"हो," म्हटलं. "आणि एकाच भांड्यात भागलं."